उशाशी बसण्याच्या वशाची कहाणी

ऐक माये, उशाशी बसणारे, तुझी कहाणी. नगर होतं आटपाट, वेस होती भक्कम, राजा होता हौशी. राजानं तळं बांधलं, देऊळ बांधलं, मग म्हणाला, "आता काय बांधू?" प्रधान म्हणाला, "महाराज, नगरात दुखणाईत फार झाले. रस्त्याकडेला पडून असतात. दिसायला बरं दिसत नाही." मग राजानं वेशीपाशी एक शाळा बांधली, लांबच लांब, चुनेगच्ची, चाळीस खिडक्यांची. तिचं नाव ठेवलं आरोग्यशाळा. नाव आरोग्यशाळा आणि आत सगळे आजारी. ऐंशी बाजा टाकल्या, ऐंशी दुखणाईत निजवले, वर राजवैद्य नेमले. मग विचार पडला, यांचं करायचं कोणी? राजानं दवंडी पिटवली, दर आळीनं एक बाई सेवेला द्यावी. बारा आळ्या, बारा बायका.

अशी वर्षं गेली. तांबट आळीची बाई थकून घरी बसली, म्हणून आळीत पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली ती तीन सुनांच्या घराची. सासू थोरलीला म्हणाली, "तू जा." थोरली म्हणाली, "माझे हात नाजूक." मधलीला म्हणाली, "तू जा." मधली म्हणाली, "मला वास सोसत नाही." मग धाकटीला म्हणाली, "तू जा." धाकटी काही बोलली नाही. ती नवी होती. हातावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती. नवरा तांबं आणायला परमुलखात गेलेला. घरात कोणाला काय म्हणायचं, हेच तिला अजून उमगलं नव्हतं. म्हणून गप्प राहिली. गप्प राहिली म्हणजे हो म्हणाली, असं घरानं धरलं. तिचं नाव आवडी.

आवडी आरोग्यशाळेत गेली. तिथं थोरली सेवेकरीण होती, सटवाबाई. उंच, वाळलेली, तोंडावर रेघ नाही. ती म्हणाली, "इथं तीन गोष्टी करायच्या नाहीत. दुखणाइताचं नाव पुसायचं नाही. कामापलीकडे बोलायचं नाही. बसायचं नाही."

आवडी म्हणाली, "नाव का पुसायचं नाही?"

"राजवैद्य सांगतात, नाव पुसलं की जीव अडकतो, जीव अडकला की हात अडतो."

"मग ओळखायचं कसं?"

"बाजेच्या खुराकडे बघ."

आवडीनं पाहिलं. बाजेच्या खुराला, पायाच्या टोकाला, चिंधी बांधलेली. तांबडी चिंधी तापाची, पांढरी खोकल्याची, पिवळी काविळीची, निळी हाडासांध्याची, हिरवी बाळंतिणीची. सकाळी राजवैद्य दारात येऊन उभे राहत आणि म्हणत, "तांबड्यांना काढा, पांढऱ्यांना चाटण, पिवळ्यांना रेच." म्हणत आणि जात. मग बारा बायका वाट्या घेऊन चिंध्या बघत फिरत. तांबडी दिसली, काढा पाजला. पांढरी दिसली, चाटण दिलं. तोंडाकडे बघायचं कारणच पडत नसे. आणि दुखणाईत तरी काय? तेही सेवेकरणीला "ए" म्हणत, "अगं ए" म्हणत, "ए तांब्यावाली" म्हणत. पाणी गार का, पेज पातळ का, उशीर का, मेलीस का कुठं, असं म्हणत. दोन्हीकडून सारखंच होतं. इकडून चिंधी, तिकडून ए.

एक दिवस आवडी केर काढीत कोपऱ्यात गेली. तिथं एक बाज, बाजेवर एक म्हातारी, आणि खुराला चिंधी नाही. गाठ सुटून चिंधी कुठं गेली कोणास ठाऊक. म्हातारी म्हणाली, "पोरी, चिंधी नाही म्हणून मला औषध नाही. औषध नाही म्हणून पेज नाही. तीन दिवस झाले."

आवडीनं आपल्या वाटणीची पेज आणली, म्हातारीला पाजली. म्हातारी म्हणाली, "आता बस."

"आजी, बसायची मनाई आहे."

"कोणाची?"

"राजवैद्यांची."

"ते कुठं आहेत?"

"सकाळी दारात येऊन गेले."

"मग आता इथं तू आणि मी. बस."

आवडी भुईवर बसली. बसल्यावर तिला कळलं की पाय दुखत होते.

मग म्हातारी म्हणाली, "पोरी, एक वसा आहे. वसशील का?"

"कसला वसा?"

"रोज एका दुखणाइताच्या उशाशी बसावं. हात रिकामे ठेवावे. वाटी नको, फडकं नको, केरसुणी नको. तीन गोष्टी पुसाव्या. नाव काय? कुठं दुखतं? भय कशाचं वाटतं? सांगतील ते ऐकावं. मधे तोंड घालू नये, शहाणपण सांगू नये, होईल हो बरं म्हणून उगाच थोपटू नये. मग दुखणाइतानं उलट पुसावं. बाई, तुझं नाव काय? तुझं कुठं दुखतं? तू जेवलीस का? हा वसा दोघांचा आहे. एकानंच वसला तर अर्धा राहतो, आणि अर्धा वसा अंगावर येतो."

आवडी म्हणाली, "आजी, त्यांना पुसेन मी. पण मला पुसा, असं मी कसं म्हणू?"

"तोंडानं," म्हातारी म्हणाली. "दमशील, चिडशील, घेतला वसा टाकून देशील."

"दमेन, चिडेन, पण घेतला वसा टाकायची नाही."

मग आवडीनं तिला नाव पुसलं. म्हातारीनं ते तिच्या कानात सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो बाज रिकामी, वाकळ घडी करून ठेवलेली. सटवाबाई म्हणाली, "या बाजेवर कोणी नव्हतंच. चिंधी कुठं आहे?"

आवडीनं वसा वसला. पहिल्या दिवशी कासाराच्या बायकोच्या उशाशी बसली. तिचं निम्मं दुखणं पोटात होतं आणि निम्मं जावयाच्या घरी. दुसऱ्या दिवशी माळ्याच्या उशाशी बसली. त्याला मरणाचं भय नव्हतं, भाऊ कलमं उपटून टाकील याचं होतं. तिसऱ्या दिवशी भटजींच्या उशाशी बसली. तापात मंत्र आठवेनासे झाले म्हणून ते रडत होते. आवडीनं ऐकून घेतलं. सांगून झालं की माणूस कूस बदलून गाढ झोपे. सटवाबाई लांबून बघे, ओठ आवळी, पण बोलत नसे.

पण उलटं कोणी पुसलं नाही. पुसा म्हणून आवडीनं सांगितलं नाही.  तिला वाटे, आजारी माणसाला आपलं काय सांगायचं? सासरी तरी कुठं सांगते? पहाटे उठून सासरचं पाणी भरावं, मग आरोग्यशाळेत यावं, ऐंशी बाजांचं करावं, संध्याकाळी घरी जाऊन भांडी घासावी. जेवलीस का, हे तिला घरी कोणी पुसलं नाही, दारी कोणी पुसलं नाही. अंग मोडून आलं. डोळ्यांखाली काळं आलं. एका बाईला पाणी देताना तिच्या तोंडून निघालं, "किती ते पाणी पिता!" बाईनं भांडं खाली ठेवलं. आवडीला लाज वाटली. लाज वाटली म्हणून त्या दिवशी ती कोणाच्या उशाशी बसली नाही. दुसऱ्या दिवशी बसली नाही. तिसऱ्या दिवशी बसायचं आठवलंसुद्धा नाही. अर्धा वसा अंगावर आला, आणि तिनं तो टाकला.

मग काय झालं? राजा आरोग्यशाळा बघायला येणार, अशी वर्दी आली. कारभारी धावत आला. इकडे बघतो, तिकडे बघतो. भिंती पांढऱ्या, भुई सारवलेली, पण चिंध्या मळलेल्या. कारभारी म्हणाला, "हे काय! महाराजांच्या डोळ्यांना हे दिसायचं? सगळ्या सोडा, रिठ्यानं धुवा." बायकांनी ऐंशी चिंध्या सोडल्या, एका घंगाळात टाकल्या, खसखसून धुतल्या, दोरीवर वाळत घातल्या. मग म्हणाल्या, "कारभारी, आता बांधायच्या कशा?" कारभारी म्हणाला, "एक तांबडी, एक पांढरी, एक पिवळी, एक निळी, अधूनमधून हिरवी. ओळीनं बांधा. तोरणासारखं दिसलं पाहिजे."

तशा बांधल्या. राजा आला, दारातून पाहिलं, म्हणाला, "वा! सुरेख!" आणि गेला.

दुसऱ्या दिवशी राजवैद्य दारात उभे राहिले. म्हणाले, "तांबड्यांना काढा, पांढऱ्यांना चाटण, पिवळ्यांना रेच." बारा बायका वाट्या घेऊन निघाल्या. तापाच्या माणसाला चाटण गेलं, गुडघ्याच्या माणसाला काढा गेला, बाळंतिणीला जुलाबाचा रेच गेला. दुखणाईत ओरडले, "अगं ए, मला हे नव्हतं!" पण दुखणाईत रोजच ओरडत. ऐकणं हे कोणाचं काम नव्हतं. आवडीनंही वाटी पुढं केली आणि म्हणाली, "प्या."

तिसऱ्या दिवशी पंधराव्या बाजेवरचा म्हातारा गेला. ताप डोक्यात चढून गेला. खांदेकरी आले. त्यांतला एक म्हणाला, "नाव काय याचं? चितेपाशी नाव घ्यावं लागतं."

सटवाबाई म्हणाली, "पांढरी चिंधी. बाज पंधरावी."

खांदेकरी म्हणाला, "मसणात चिंधीचं नाव घेऊ होय?"

 आवडी वाटी घेऊन तिथंच उभी होती. तिलाही नाव ठाऊक नव्हतं. रोज एक असं बसत गेली असती, तर पंधरावी बाज कधीच आली असती. खांदेकऱ्यांनी प्रेत उचललं आणि बिननावाचं नेलं.

आवडी पुढच्या बाजेकडे वळली. सोळाव्या बाजेवर एक शिलेदार होता. मिशा पांढऱ्या, गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला, खुराला तांबडी चिंधी. आवडी म्हणाली, "काढा घ्या." शिलेदार म्हणाला, "तीन दिवस सांगतोय, मला ताप नाही." आवडी म्हणाली, "चिंधी तांबडी आहे. घ्या." शिलेदारानं वाटी घेतली आणि तिच्या कपाळावर फेकून मारली.

रक्त आलं.  सटवाबाई आली, आवडीला दंडाला धरून बाजूला नेलं, म्हणाली, "तोंड धू. त्या बाजेकडे जाऊ नकोस. काही बोलू नकोस. आम्ही सगळ्यांनी खाल्ल्यात अशा वाट्या."

आवडीनं तोंड धुतलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. राग शिलेदाराचा नव्हता. तिचं तिलाच नवल वाटलं. सासरी आल्यापासून ती पहिल्यांदाच रागावली होती, आणि राग अंगात बरा वाटत होता, शेकाला बसल्यासारखा. मग ती परत फिरली, सोळाव्या बाजेपाशी गेली, सगळ्यांच्या देखत भुईवर बसली. मांडी घालून बसली. हात रिकामे ठेवले.

म्हणाली, "माझं नाव आवडी. माझं कपाळ दुखतं. मी सकाळपासून जेवले नाही. हे तुम्ही पुसायचं होतं. पुसलं नाहीत, म्हणून मीच सांगितलं. आता तुमचं सांगा."

शिलेदारानं तिच्या कपाळाकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी रायाजी. गुडघा दुखतो. घोड्यावरून पडलो."

"भय कशाचं वाटतं?"

"शिलेदाराला भय पुसतेस?"

"पुसते."

रायाजीनं रिकाम्या पंधराव्या बाजेकडे पाहिलं. मग म्हणाला, "शेजारच्या बाजेवरून तो गेला तसं जायचं. तो दामू कोष्टी होता. सहा दिवस आम्ही बोलत होतो. बुगडीकाठाचं लुगडं विणायचा, सगळ्या नगरात तसं कोणाला जमत नाही. त्याला खोकला नव्हता, ताप होता. मी ओरडून सांगितलं."

आवडी म्हणाली, "तुम्हाला त्यांचं नाव ठाऊक होतं?"

"होतं की! पुसलं कोणी?"

आवडीनं खुराची चिंधी पाहिली, रायाजीचा गुडघा पाहिला, आणि तिला तोरण आठवलं. ती उठली आणि बाजेमागून बाज पुसत सुटली. नाव काय? कुठं दुखतं? आणि पुसण्याआधी आपलं सांगे, "मी आवडी, माझं कपाळ दुखतं." मग दुखणाईतही म्हणत, "अगंबाई, काय लागलं ग? हळद लाव." पिवळी चिंधी निघाली खोकल्याची. निळी निघाली तापाची. तेविसाव्या बाजेवर एक बाळंतीण होती, कुशीत अकरा दिवसांचं पोर, खुराला पिवळी चिंधी. चेहरा कागदासारखा.

"नाव काय, बाई?"

"गिरजा."

"कुठं दुखतं?"

"दुखत नाही कुठंच. सगळं निघून चाललंय."

"भय कशाचं?"

"दूध आटलं. उद्या मी नसले तर ह्याला कोण पाजील?" मग गिरजानं डोळे उघडून वर पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही जेवला नाहीत ना? माझी पेज आहे तिथं. मला जात नाही. तुम्ही घ्या."

आवडीनं ती पेज घेतली. तिथंच बसून प्यायली. मग उठली आणि राजवैद्यांच्या ओसरीवर गेली.

राजवैद्य मात्रा उगाळत होते. आवडी म्हणाली, "वैद्यबुवा, चिंध्या चुकल्या. तेविसाव्या बाजेवर बाळंतीण आहे, तिला तीन दिवस रेच चाललाय. आणखी दिला तर ती जाईल."

राजवैद्य म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

"तिनं."

"दुखणाइताशी बोललीस?"

"बोलले."

"माणूस खोटं बोलतो. चिंधी खोटं बोलत नाही. जा, पिवळ्यांना रेच द्या."

आवडी म्हणाली, "देणार नाही."

तिन्हीसांजेला अजून वेळ होता. सटवाबाई रेचाची वाटी घेऊन तेविसाव्या बाजेपाशी आली. पाहते तो गिरजाच्या उशाशी आवडी बसलेली. सटवाबाई म्हणाली, "ऊठ." आवडी म्हणाली, "नाही उठत." सटवाबाई म्हणाली, "ऊठ, शिपाई बोलावते." आवडी म्हणाली, "बोलवा." सटवाबाई म्हणाली, "तुला घालवतील. सासर घरात घेणार नाही. कुठं जाशील? ऊठ ग."

आवडी म्हणाली, "सटवाबाई, तुमचं कुठं दुखतं?"

सटवाबाईनं हातातल्या वाटीकडे पाहिलं.  मग म्हणाली, "टाचा. आजवर बसले नाही मी इथं." तिनं वाटी खाली ठेवली आणि बसायला गेली, तर बसता येईना. गुडघे वाकायचं विसरले होते. रायाजी लंगडत आला आणि दंडाला धरून त्यानं तिला बसवलं. मग तोही बसला. मग कासाराची बायको आली, माळी आला, भटजी आले. ज्याला चालता येत होतं तो चालत आला, ज्याला येत नव्हतं त्यानं बाज सरकवायला सांगितली. उरलेल्या दहा बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, केरसुण्या टाकल्या, आणि त्याही बसल्या. शिपाई आले. कोणाला उठवायचं ते त्यांना कळेना. आजारी कोण आणि सेवेकरीण कोण हेच ओळखू येईना.

वर्दी राजाकडे गेली. दुखणाईत झोपले तर ती वर्दी नव्हे, पण सेवेकरणी बसल्या म्हणजे राज्याला धोका. राजा आला, राजवैद्य आले, कारभारी आला.

राजा गरजला, "कोणाच्या हुकमानं बसलात?"

रायाजी म्हणाला, "गुडघ्याच्या."

राजा आवडीला म्हणाला, "तू मुख्य ना? तुला नगराबाहेर घालीन."

आवडी भ्यायली.  पण उठली नाही. बसूनच म्हणाली, "घाला, महाराज. पण ही वाटी आधी कोणीतरी घ्या. वैद्यबुवा म्हणतात औषध आहे. आपण घ्या, नाहीतर कारभाऱ्यांना द्या. ह्या बाईला मी देऊ देणार नाही."

कारभारी दोन पावलं मागं सरला.

मग आवडी म्हणाली, "सगळ्यांनी आपापली चिंधी सोडा." ऐंशी बाजांच्या चिंध्या सुटल्या, हातोहात पुढं आल्या, राजवैद्यांच्या पायांशी ढीग पडला. आवडी म्हणाली, "वैद्यबुवा, चिंधी खोटं बोलत नाही म्हणता. हा घ्या ढीग. कोणाची कुठली, सांगा. पुसायचं मात्र नाही."

राजवैद्यांनी तांबडी चिंधी उचलली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चिंध्या बांधल्यापासून दाराच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. ऐंशी तोंडं त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांतलं एकही त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं. चिंधी हातात तशीच राहिली.

आवडी म्हणाली, "वैद्यबुवा, भय कशाचं वाटतं?"

लोकांना वाटलं, आता हे हात उगारणार. राजवैद्य म्हणाले, "एकदा पुसलं होतं मी नाव. पहिल्या वर्षी. सहा वर्षांची पोर होती, सुंद्री नाव. मी दारात आलो की हाक मारायची. गेली. दुसऱ्या दिवशी माझं बोट नाडीवर ठरेना. थरथरायला लागलं. ऐंशी माणसं निजलेली आणि वैद्याचा हात थरथरतोय. म्हणून चिंध्या आणल्या."

कोणी हसलं नाही, कोणी समजूत घातली नाही. आवडीनं ऐकून घेतलं. दामू कोष्ट्याचं नाव तिच्या ओठांवर आलं, ते तिनं गिळलं नाही. म्हणाली, "तुमची सुंद्री गेली, तेव्हा तिचं नाव घ्यायला तुम्ही होतात. दामू कोष्टी आज ताप चढून गेले. चाटण पाजून पाजून गेले, आणि नाव घ्यायला कोणी नव्हतं. पाजणाऱ्यांत मीही होते. वैद्यबुवा, थरथरत्या हातानं पाहा. पण पाहा."

राजवैद्य पुढं आले. तेविसाव्या बाजेपाशी आले. पागोटं काढलं, खाली बसले. गिरजाच्या मनगटावर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं. म्हणाले, "बाई, नाव काय तुझं?"

"गिरजा."

"कुठं दुखतं?"

गिरजानं सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग मान खाली घालून म्हणाले, "रेच ओतून द्या. डाळिंबाचं पाणी आणा, साळीच्या लाह्यांची पेज आणा, शतावरी आणा. आज कोणी हलू नका इथून. मीही हलत नाही."

मग सगळे बसलेले आणि राजा एकटाच उभा. उभ्या राजाला काय करावं कळेना. आवडीला वाटलं, हाही आलाच आहे इथवर. तिनं पुसलं, "महाराज, आपलं कुठं दुखतं?"

राजानं चहूकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "दाढ. महिना झाला. मला कोणी पुसतच नाही."

"भय कशाचं?"

"सांडशीचं," राजा म्हणाला, आणि रायाजीच्या बाजेवर टेकला.

पहिल्या दिवशी गिरजानं पेज पोटात ठेवली. दुसऱ्या दिवशी पोराला पदराखाली घेतलं. तिसऱ्या दिवशी दूध आलं, पोर पोट फुगेस्तो प्यायलं आणि आरोग्यशाळा दणाणेल असं रडलं, आणि ऐंशी आजारी माणसांत एकानंही त्याला गप्प कर म्हटलं नाही. राजानं हुकूम काढला, सेवेकरणींनी बसावं. रायाजी म्हणाला, "बसल्यावर हुकूम काढलात, बरं केलंत." दामू कोष्ट्याच्या घरी आवडी स्वतः गेली. त्याच्या बायकोपुढं बसली, माझ्या हातूनही वाटी गेली असं सांगितलं. बायकोनं दार लावून घेतलं. आवडी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी दार उघडलं.

नगरात आवडीचं नाव झालं. मग सासू आली. नवं लुगडं नेसून, मेणा घेऊन, दोन्ही जावा बरोबर घेऊन. आरोग्यशाळेच्या दारात उभी राहिली, म्हणाली, "सूनबाई, घरी चल. आता तू मोठी झालीस, राजा नाव घेतो. आमच्या घरच्या सुनेनं परक्यांची उष्टी काढणं शोभत नाही. चिठ्ठी दुसऱ्या घरावर टाकायला सांगितली मी."

आवडी एका म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिथूनच म्हणाली, "सासूबाई, उन्हातून आलात. जेवलात का?"

सासू म्हणाली, "नाही ग, तशीच निघाले."

"कुठं दुखतं का?"

"कंबर धरलीये दोन महिने." सासूला आपण हे कसं बोललो कळेना. घरात हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

आवडी म्हणाली, "आत या, बसा, शेकून देते. संध्याकाळी मेण्यातून नको, पायी चालत मी घरी येईन. रोज येईन. आणि रोज सकाळी इथं येईन. पाणी भरायला थोरल्या जाऊबाई आहेत, भांड्यांना मधल्या जाऊबाई आहेत. आजवर मी सगळ्यांना सगळं पुसलं, सासूबाई. हे पुसत नाही. हे सांगते."

जावा एकमेकींकडे बघायला लागल्या.  मग सासू कंबरेला हात लावून आत आली आणि बसली.

हा वसा कोणी वसावा? सुईणीनं वसावा, वैद्यानं वसावा, घरात कोणाचं करावं लागतं तिनं वसावा, आणि जो निजला आहे त्यानं तर वसावाच. कधी वसावा? दिवस ठरलेला नाही, आजारपण तिथी बघून येत नाही. उद्यापन काय? उद्यापन नाही. दमलं तर दमले म्हणावं, चिडलं तर चिडले म्हणावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं. या वशानं मरण टळतंच असं नाही. पण बिननावाचं कोणी जात नाही, आणि बिनपुसलेलं कोणी राबत नाही. ऊठ म्हणणारे भेटतील. उठू नये.

माये, उशाशी बसणारे, आवडीला बळ दिलंस, गिरजाला दूध दिलंस, सटवाबाईला बसतं केलंस, तसं ऐकणारीला कर, सांगणारीला कर. निजलेल्याला आणि उशाशी बसलेल्याला सारखंच फळ दे. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, सांगून पुरी झाली, ऐकून फळाला येवो.